मोकळ्या तारेची जागा

धून चौथ्यांदा त्याच जागी मोडली, तेव्हा काकांनी सॅक्सोफोन तोंडातून काढून मांडीवर आडवा ठेवला आणि ते गप्प बसले. काका गप्प बसले म्हणजे प्रकरण चिघळलंय, हे या घरातल्या मांजरालाही कळतं.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं. माणसाएवढ्या उंच बासच्या मानेवरचा हात तिनं काढला नव्हता.

"काय झालं ते तुला चांगलं माहीत आहे."

"मी बरोबर वाजवत होते."

"बरोबरच वाजवत होतीस. तेच तर म्हणतोय."

ड्रम्सच्या मागे थोरला हातातल्या काठीचं टोक निरखायला लागला. चाळीस मुलांच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारा भूगोलाचा मास्तर हा, पण घरात दोन माणसांचं वाजलं की याला नेमकं काठीचं टोक बघायचं असतं.

मास्तरांना जाऊन आज वर्ष झालं. हे मास्तर शाळेतले नव्हेत, बास वाजवणारे. या शहरातला जॅझ म्हणजे मास्तर, असं त्यांच्या शत्रूंनीही कबूल केलेलं. संध्याकाळी क्लबात त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होता, सगळ्या खुर्च्या कधीच गेल्या होत्या आणि फक्त एक गोष्ट ठरायची होती: मास्तरांचा बास हातात घेऊन उभं कोण राहणार. पुढच्या खोलीतला सोफा भिंतीला सरकवून सकाळपासून तालीम चालली होती ती त्यासाठीच. पियानोवर माई, मास्तरांची बायको, जिला तिचा दीरही माईच म्हणतो. सॅक्सोफोनवर तो दीर, म्हणजे काका. ड्रम्सवर थोरला मुलगा. आणि बाससाठी दोन उमेदवार. एक धाकटी मुलगी, जी गेली काही वर्षं दुसऱ्या शहरात वाजवते आणि कालच्या गाडीनं आली. दुसरा मास्तरांचा पट्टशिष्य. त्याला सगळे सावली म्हणतात, कारण तो मास्तरांसारखा वाकून उभा राहतो, मास्तरांसारखा खाकरतो आणि मास्तरांसारखाच बूट काढून वाजवतो.

सकाळी सावलीनं वाजवलं तेव्हा सगळं लोण्यासारखं झालं. आता धाकटी वाजवत होती आणि घासागणिक खडे लागत होते.

"दोघांचं ऐकून मी सांगेन," असं माई म्हणाली होती. माईनं एकदा सांगितलं की त्यावर अपील नसतं.

घोडं अडत होतं ते मोकळ्या तारेपाशी. मास्तरांना ज्यानं एकदा ऐकलंय त्याला ही जागा वेगळी सांगावी लागत नाही. मास्तर बासवर पार ओणवे होत, बोटं खालपर्यंत नेऊन तिथले उंच सूर भराभर काढत, मग सरळ होत आणि सरळ होताना डावा हात तारांवरून काढूनच घेत. हात वर, कपाळापाशी. एकाही तारेवर बोट नाही, नुसती मोकळी तार घुमतेय. एकच ठोका. मग हात जागेवर आणि गाडी पुढे. त्या एका ठोक्यावर जग फिदा होतं. "दादा इथे संगीताला श्वास घेऊ देतो," असं काका तीस वर्षं दर कार्यक्रमात सांगत आले. मास्तरांना उभ्या जन्मात न पाहिलेली पोरं दूरदूरच्या शहरांत ती तार सोडत, आणि सोडताना हातही कपाळापाशी नेत. एका विद्वानानं तिच्यावर प्रबंध लिहिला होता. त्यात 'मौन' हा शब्द इतक्यांदा आला होता की घरात कुणालाच तो पुरा वाचवला नाही.

तर ती तार घुमली की काका पुढची ओळ उचलत. तार नाही, तर ओळ नाही. आणि धाकटी तार सोडत नव्हती. सरळ बोट ठेवून पुढे निघून जात होती.

"कॉफी करते," दारातून थोरल्याची बायको, सूनबाई, म्हणाली. या घरात वाद्याला हात न लावणारी ती एकटीच, म्हणून कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळतं.

---

स्वयंपाकघरात धाकटीनं कप काढले आणि उगाच दोन-दोनदा विसळले.

सूनबाईचं बाजारात चष्म्यांचं दुकान आहे. आज अर्ध्या दिवसाला कुलूप लावून ती आली होती. लोकांच्या चेहऱ्याकडे जवळून बघायची तिला धंद्याचीच सवय. नणंदेचे डोळे लाल झालेत हे तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "रागावू नकोस. मला त्यातलं काही कळत नाही. पण एकच ठोका आहे ना तो? सोड की ती तार. काका खूश, तुझा भाऊ खूश, संध्याकाळ तुझी."

"सोडता येते मला. डोळे मिटून येते."

"मग अडलंय कुठे?"

धाकटी ओट्याला टेकली. "बाबांनी मला ती कधी शिकवली नाही, वहिनी. जगाला दिली, सावलीला दिली, कोण कुठल्या पोरांना दिली. मला नाही. सोळा वर्षांची होते मी, आठ दिवस खोली बंद करून बसवली आणि त्यांना वाजवून दाखवली. वाटलं, खूश होतील. तर म्हणाले, हात का काढतेस? बोट ठेव तिथे. आणि उठून गेले." तिनं नाक पुसलं. "लायकीच नसेल माझी. ठीक आहे. पण मग त्यांनी न दिलेली गोष्ट आज त्यांच्याच नावानं, त्यांच्याच बासवर, चोरून वाजवू?"

सूनबाईनं गॅस बंद केला. सासऱ्यांनी न घेतलेली गोष्ट तिच्याकडेही एक होती. लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी तिनं मास्तरांना स्वतःच्या हातानं चष्मा करून दिला होता, हलक्या फ्रेमचा, नाकावर नीट बसणारा. मास्तरांनी तो एक दिवस लावला. दुसऱ्या दिवशी परत आपला जुना, काड्या फाकलेला चष्मा. तिनं कधी विचारलं नाही, कुणी कधी सांगितलं नाही. पण चष्मेवालीच्या सासऱ्यानं गावभर तसला चष्मा मिरवायचा म्हणजे काय, हे चष्मेवालीलाच कळतं.

"चल," ती म्हणाली. "कॉफी थंड होतेय." ट्रे उचलून ती निघाली तेव्हा तिच्या मनाशी काहीतरी पक्कं झालं होतं.

---

बाहेर तोवर तह होत आला होता.

"हे बघा माई, पोरीला नाराज करायचं माझ्याही जिवावर येतं," काका सांगत होते. "शेवटची एक धून तिला देऊ. आठवण म्हणून. बाकी सगळं सावली वाजवेल. लोक दादाला ऐकायला येणार आहेत. त्यांना दादा नको का द्यायला?"

"तसं बरं पडेल," थोरला म्हणाला. बहिणीची पावलं ऐकून त्यानं लगेच जोडलं, "म्हणजे, एक मत."

"तुझं मत हवामान खात्यासारखं आहे," धाकटी म्हणाली.

सावली खिडकीपाशी अवघडून बसला होता. खरं सांगायचं तर त्याला संध्याकाळ हवी होती. अठरा वर्षं त्यानं मास्तरांचा बास गाडीत चढवला आणि उतरवला होता, आणि त्याला ती मनापासून हवी होती. पण मास्तरांच्या मुलीच्या तोंडचा घास काढून नको होती. हे दोन्ही एकदम वाटत असताना चेहरा कसा ठेवायचा ते त्याला मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

काकांचं दुखणं वेगळंच होतं आणि ते कुणाला माहीत नव्हतं. काकांचा श्वास आता पुरत नसे. त्या मोकळ्या तारेवर ते चोरून दम घेत. धाकटीच्या हातून ती गेली तर पुढची ओळ उचलायची कशी, या धास्तीनं त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती.

सूनबाईनं ट्रे पियानोवर ठेवला. पियानोवर कप ठेवायचा नाही हा या घरातला पहिला कायदा, त्यामुळे सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"माई," ती म्हणाली, "बाबांनी हिला ती तार का शिकवली नाही?"

"ती शिकवायची गोष्टच नाही," काका सरसावून बसले. "ती आतून यावी लागते. दादा त्या जागी..."

"मी माईंना विचारलं, काका."

"सांगतोय ना. दादा त्या जागी संगीताला श्वास..."

"चष्मा," माई म्हणाली.

"काय?"

"अहो भाऊजी, चष्मा घसरायचा त्यांचा." माईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "ओणवे व्हायचे, घामानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. सरळ झाले की डाव्या हातानं वर ढकलायचे. उजवा हात चालूच. डावा तारेवर नाही, मग काय वाजणार? मोकळी तार. तीस वर्षं तुमचा श्वास ऐकतेय. मास्तरांचा भाऊ आहे, बोलू दे, म्हणून ऐकतेय. पण आज त्यापायी माझ्या पोरीला रडवताय, तर आता पुरे."

थोरल्यानं काठीचं टोक बघायचं सोडून आईकडे पाहिलं.

"पण मग ते सुरात कसं लागायचं?" त्यानं विचारलं. "कुठल्याही धुनेत ती तार कशी काय बसायची?"

"बसायची? बसवायचे मी," माई म्हणाली. "पहिल्यांदा झालं तेव्हा कानठळ्या बसल्या माझ्या. मग त्यांचा हात उचलायला लागला की मी पियानोवर असं काही धरायचे, की ती तार कुठलीही असो, आत सामावून जावी. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्या नाकाकडे बघत संसार केलाय मी."

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "मी तीस वर्षं लोकांना चष्मा समजावून सांगितला?"

आधी थोरला हसला. हसू दाबायला गेला आणि पाय पेडलवर पडून मोठा ड्रम धाडकन वाजला. मग धाकटी हसली, मग खुद्द माई. सावली तेवढा हसत नव्हता.

"मी बघायचो," तो म्हणाला. "चष्मा वर करताना दिसायचे मला. समोरच असायचो की. पण वाटलं, चष्मा हा बहाणा आहे. आत काहीतरी खोल चाललं असणार." त्यानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "मला तर चष्माही नाही, माई. मी अठरा वर्षं काय वर ढकलतोय?"

"तुला शिकवली होती का त्यांनी?" धाकटीनं एकदम विचारलं.

"छे. विचारलं होतं एकदा. खूप हसले आणि म्हणाले, जेवलास का."

सूनबाई मात्र हसण्यात नव्हती. तिचं गणित दुसरीकडेच चाललं होतं. "माई, पण मी तर त्यांना नीट बसणारा चष्मा करून दिला होता."

"दिला होतास." माई तिच्याकडे वळली. "आणि त्यांनी तो लावून क्लबात वाजवलं. भाऊजी, आठवतंय का? तुम्ही मध्येच वाट चुकला होता आणि नंतर दादाला विचारलं होतं, बरं नाही का रे तुला आज?"

काकांना आठवलं. चांगलंच आठवलं.

"चष्मा जागचा हललाच नाही, तर हात कशाला निघेल. तार नाही, म्हणून तुम्ही अडखळलात, थोरला अडखळला, ऐकायला आलेली पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. घरी येऊन त्यांनी सूनबाईचा चष्मा काढून ठेवला आणि जुना लावला. मी म्हटलं, अहो, पोरीनं मायेनं केलाय. तर म्हणाले, ह्या सगळ्यांची घडी बसलीय गं या चष्म्यावर, आता मोडू कशी?"

"मला वाटलं, त्यांना आवडला नाही," सूनबाई म्हणाली. "इतकी वर्षं मला तेच वाटतंय."

"न आवडायला काय झालं. तू दुकानात गेलीस की पेपर वाचायला तोच लावायचे. तू यायच्या वेळेला काढून ठेवायचे. तुला काय कारण सांगायचं, हे त्यांना सुचायचं नाही. घाबरायचे तुला."

सूनबाई रडायला लागली आणि त्यातच हसायला लागली. थोरला उठून तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. काठ्या त्यानं पहिल्यांदाच खाली ठेवल्या होत्या.

धाकटी बास सोडून पियानोपाशी आली. "आणि मी दाखवली तेव्हा? तेव्हा का उठून गेले?"

माईनं तिचा डावा हात हातात घेतला. बोटांची टोकं बापासारखीच दगड झालेली. "घाबरले, बाई. आत येऊन मला म्हणाले, पोरगीसुद्धा माझा चष्मा वाजवायला लागली. बाकीच्यांना त्यांना अडवता आलं नाही. लोक मानानं करत होते, कुणाकुणाचं मन मोडणार? तुला तेवढं अडवलं. तुला तुझं स्वतःचं वाजवता येत होतं ना, म्हणून."

धाकटी माईच्या बाकावर अर्ध्या जागेत बसली आणि आईच्या खांद्यावर तिनं कपाळ टेकलं. 'लायकी नसेल' या दोन शब्दांवर तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं.

सावली खाकरला. मास्तरांसारखाच. मग ते आपलं आपल्यालाच कळून ओशाळला. "संध्याकाळी ती वाजवू दे," तो म्हणाला. "हवी होती मला ही संध्याकाळ, खोटं कशाला बोलू. पण आता माझा हात वर गेला तर मलाच हसू येईल, आणि नाही गेला तर मी पडेन. मला सराव करायला हवा. आणि माझा स्वतःचा आवाज कसा आहे तेही बघायला हवं एकदा. चाळिशी आली."

"काका?" थोरल्यानं विचारलं.

काकांनी सॅक्सोफोन उचलला, परत ठेवला. मग जे रात्रभर गिळून बसले होते ते बोलून टाकलं. "मला ती तार लागते रे. चष्मा असो, काही असो. मला दम पुरत नाही आता. तिथे घेतो मी. ती गेली तर मी मध्येच बंद पडेन, सगळ्यांसमोर."

हे कुणालाच माहीत नव्हतं. माईलासुद्धा.

धाकटीनं डोळे पुसले. "मग मी सोडते तार," ती म्हणाली. "तुमच्यासाठी. त्यात काय एवढं."

आणि हे ती मनापासून म्हणत होती. तासाभरापूर्वी जी तार सोडायला तिचा जीव जात होता ती आता काकांसाठी हसत सोडायला तयार होती, आणि काकांना हे दिसलं. हेच एकदा दादानं केलं होतं. गपचूप, जुना चष्मा नाकावर चढवून.

"नको," काका म्हणाले. "त्यानं आमच्यासाठी जन्मभर सोडली. तू नाही सोडायचीस. वाजव. मी पडलो तर पडलो."

कॉफी तशीच राहिली. सगळे जागेवर गेले. धाकटीनं सुरुवात केली, थोरला आत आला, मग माई. काका वाजवत होते आणि त्यांचं सगळं लक्ष पुढून येणाऱ्या त्या जागेकडे होतं. धाकटी ओणवी झाली, खालचे उंच सूर तिनं भराभर काढले, सरळ झाली. हात तारांवरच होता. आपण इथे थांबत नाही, असं काकांनी मनाशी घोकलं होतं, ते थांबले नाहीत, आणि दम नसताना उचललेली ओळ भलत्याच सुरावर जाऊन पडली. तिथून हलायला श्वास शिल्लक नव्हता. तो चुकलेला सूर धरून काका उभे राहिले, चेहरा लाल झाला.

माईचे हात सवयीनं उठले. कुणी घसरलं की खालून धरायचं, हे काम इतकी वर्षं तिचंच. पण तिची बोटं पट्ट्यांवर पडायच्या आत बास हलला. धाकटीनं आपली वाट सोडून दोन सूर खाली पाऊल टाकलं, काकांच्या बरोबर खाली, आणि तो चुकलेला सूर चुकलेला राहिलाच नाही. जणू काकांना तिथेच जायचं होतं. काकांनी सूर सोडला, पोटभर श्वास घेतला, धाकटी तोवर त्यांची जागा राखत चालत राहिली. मग काका परत आले.

माईचे हात अधांतरीच राहिले. तिनं ते सावकाश मांडीवर घेतले आणि ती नुसती ऐकत बसली. नवरा तिला या क्षणी हवा होता. त्याला कोपरानं ढोसून दाखवायचं होतं तिला. ही पोरगी बापासारखी वाजवते का, यावर या घरात वर्षभर भांडणं झाली होती. आणि ही तर आईसारखी वाजवत होती.

धून संपली. सगळे माईकडे बघायला लागले.

"कपडे बदल," माई धाकटीला म्हणाली. "सातला उभं राहायचंय तुला."